उशिराची झोप आणि वेळेवरचे जेवण

रात्री साडेबारा-एकच्या सुमारास आपल्या पोफळी परिसरात एखाद्या घरात दिवा दिसला, तर तिथे बहुधा दोघांपैकी एक जण जागा असतो. एक तर परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी, नाही तर दुसरी पाळी संपवून परतलेला कामगार. सह्याद्रीच्या पोटातील कोयनेचे वीजगृह १९६२ साली सुरू झाले. वीज रात्रंदिवस लागते, म्हणून माणसांनाही पाळीपाळीने जागावे लागते. विद्यार्थ्याची अडचण वेगळी. दोन खोल्यांच्या घरात सगळे झोपल्याशिवाय त्याला शांतता मिळत नाही. या दोघांखेरीज तिसरी एक व्यक्तीही जागी असते. ती म्हणजे त्यांना वाढण्यासाठी ताटकळणारी आई किंवा पत्नी. ती सर्वांच्या शेवटी जेवते आणि पहाटे सर्वांच्या आधी उठते.

'लवकर निजा, लवकर उठा' हा उपदेश उत्तम आहे; पण या तिघांना तो पाळता येत नाही. मग त्यांनी प्रकृतीची काळजी घ्यायचीच नाही काय? प्रस्तुत लेखाचे सांगणे एवढेच आहे की, झोपेची वेळ आपल्या हातात नसली तरी जेवणाची वेळ पुष्कळ अंशी आपल्या हातात असते. झोप पुढे गेली म्हणून जेवणही पुढे ढकलू नये.

तथागतांनी हा विषय अडीच हजार वर्षांपूर्वी हाताळला होता. मज्झिम निकायातील लटुकिकोपम सुत्तात उदायी भिक्खू जुनी आठवण सांगतात. पूर्वी भिक्खू रात्रीच्या अंधारातही भिक्षेला जात. कोणी खड्ड्यात पडे, कोणी काटेरी कुंपणात शिरे, कोणी झोपलेल्या गाईला अडखळे. एकदा विजेच्या लखलखाटात भांडे धुणाऱ्या एका बाईला भिक्खू दिसला आणि ती भूत समजून किंचाळली. भगवंतांनी रात्रीचे भोजन सोडायला सांगितले, तेव्हा सुरुवातीला भिक्खूंना वाईट वाटले. पुढे त्यातले हित पटले. कीटागिरी सुत्तात तर भगवंत स्वतःचा अनुभव सांगतात की, रात्री न जेवल्याने आजार कमी होतो, अंग हलके राहते आणि बळ टिकते. उपोसथाच्या दिवशी आपण अष्टशील घेतो, त्यात विकालभोजन टाळण्याचे शील आहे ते याच परंपरेतले. गृहस्थाने रोज दुपारनंतर उपाशी राहावे असा त्याचा अर्थ नाही. खाण्याला काळ असतो आणि माप असते, हा त्यातला बोध आहे.

आजचे विज्ञानही याच दिशेने बोलते. आपल्या पेशींमध्ये एक घड्याळ असते. त्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ प्रामुख्याने सूर्यप्रकाशावर चालते. रात्री इन्शुलिनचे काम मंदावते, त्यामुळे सकाळी खाल्लेला भात आणि मध्यरात्री खाल्लेला तेवढाच भात यांत रात्रीच्या भाताने रक्तातील साखर अधिक वाढते. भरल्या पोटी आडवे झाल्यास जळजळ व आंबट ढेकर येतात ते निराळेच.

आता कॅलरीचा हिशोब पाहू. रोजच्या बोलण्यातली एक कॅलरी म्हणजे एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला लागणारी उष्णता. एक ग्रॅम पिष्ट पदार्थ किंवा प्रथिने सुमारे ४ कॅलरी देतात, तर एक ग्रॅम तेल ९ देते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या मापाप्रमाणे ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० आणि ५५ किलोच्या स्त्रीला १,६६० कॅलरी लागतात. मध्यम श्रमासाठी हेच आकडे २,७१० आणि २,१३० आहेत. बसून जागरण केल्याने ही गरज फारशी वाढत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

जागरणाचे खाणे मात्र वाढते. दोन चमचे साखरेचा एक कप चहा सुमारे ७० कॅलरीचा. तीन कपांचे २१० झाले. ५० ग्रॅम बिस्किटांचे सव्वादोनशे आणि मूठभर फरसाणाचे अडीचशेच्या पुढे. म्हणजे अभ्यास करता करता जवळजवळ ७०० कॅलरी, दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा, नकळत पोटात गेल्या. त्यात प्रथिने नाममात्र! मग सकाळी भूक नसते, नाश्ता चुकतो आणि वर्गात डोळे मिटतात. दुसरीकडे, एका चपातीवर आणि चहावर दिवस काढणारी मुलेही आपल्याकडे आहेत. कॅलरी मोजायच्या त्या केवळ जाड माणसाने नव्हे. कमी खाणाऱ्याने तर आधी मोजाव्यात.

रात्री एक वाजता झोपून सकाळी साडेसातला उठणाऱ्या विद्यार्थ्यासाठी सुमारे २,००० कॅलरींचा एक नमुना असा :

सकाळी ८ : दोन घावणे किंवा एक मोठी भाकरी, एक अंडे किंवा उसळ, कपभर दूध – ४००.
दुपारी १ : भात, एक भाकरी, डाळ किंवा कुळथाची पिठी, भाजी – ६५०.
सायंकाळी ५ : चहा आणि एक केळे – १५०.
रात्री ८ : दोन भाकऱ्या, उसळ किंवा मासे, पालेभाजी – ६००.
रात्री १०.३० : कपभर दूध व मूठभर भाजलेले चणे – २००.

यात महाग असे काही नाही. कुळथात शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमच्या वर प्रथिने असतात आणि नाचणीत कॅल्शियम भरपूर असते. आपल्या कोकणातले हे धान्य 'गरिबांचे' म्हणून आपणच मागे टाकले. चहा सायंकाळचा शेवटचा समजावा. त्यातील कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. दहाला घेतलेला चहा तीन वाजेपर्यंत अर्धा जागा असतो.

दुपारी चार ते रात्री बारा अशी पाळी असेल, तर मुख्य जेवण डब्यात न्यावे आणि आठच्या आसपास खावे. घरी आल्यावर भूक असेल तर वाटीभर पेज किंवा दूध पुरे. रात्रपाळीला जाणाऱ्याने जेवूनच निघावे, मध्यरात्री हलके काही घ्यावे, सकाळी थोडी न्याहारी करून झोपावे आणि दुपारी उठल्यावर पोटभर जेवावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

या बदलाचा आणखी एक लाभ आहे. डबा बरोबर गेला की घरची बाई बारा वाजेपर्यंत उपाशी थांबणार नाही. तिनेही आठला, मुलांबरोबर, ताजे आणि पुरेसे जेवावे. धन्यासाठी थांबणे हे प्रेम असेल. परंतु उरलेसुरले खाऊन तिचे रक्त कमी झाले तर ते प्रेम घराला महाग पडते. समतेची सुरुवात घरच्या ताटापासूनच व्हायला हवी.

विद्यार्थी मित्र म्हणतील, 'बाबासाहेब रात्र रात्र वाचत, मग आम्ही का नको?' जरूर वाचा. परंतु परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून अभ्यास केला तो पैसा नव्हता म्हणून. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात मधुमेहाने त्यांना किती छळले, हेही आपण विसरू नये. त्यांच्याकडून अभ्यासाची जिद्द घ्यावी. त्यांना सोसावी लागलेली उपासमार पुढच्या पिढीच्या वाट्याला येऊ नये, म्हणून तर त्यांनी आयुष्य झिजवले.

संयुत्त निकायात कोसलराजा पसेनदीची गोष्ट आहे. अतिभोजनाने धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी मात्रा राखण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावून रोज जेवताना म्हणायला सांगितली, आणि हळूहळू त्याचा आहार मापात आला. आपल्याकडे सुदर्शन नाही. पण भिंतीवर घड्याळ आहे. रात्रीचे आठ वाजले की पुस्तक मिटावे, मोबाईल बाजूला ठेवावा आणि आईलाही हाताला धरून पानावर बसवावे. मग पुन्हा पुस्तक उघडायला रात्र मोकळीच आहे.

जय भीम!