मागेल त्याला काम, की असेल तेवढे काम?

आदिलाबाद : पैनगंगेच्या दक्षिण काठावर बेला आणि जैनथ मंडळांतील गावे आहेत, तर उत्तर काठावर यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील. दोन्हीकडची जमीन काळी, पीक कापसाचे आणि अनेक घरांतली भाषाही मराठीच. उन्हाळ्यात शेते मोकळी झाली, की दोन्ही काठांवरचे मजूर मातीकामाला जातात. पलीकडे त्या कामाला ‘रोहयो’ म्हणतात, अलीकडे ‘उपाधी हामी’. २०२५-२६ या वर्षासाठी त्याची रोजची मजुरी महाराष्ट्रात ३१२ रुपये आणि तेलंगणात ३०७ रुपये ठरली होती. पाच रुपयांचा हा फरक सोडला, तर दोन्ही काठांना आधार एकाच केंद्रीय कायद्याचा होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तो कायदा बाजूला सारून त्याच्या जागी नवा आणला. नावात ‘हमी’ हा शब्द कायम आहे. कष्टकऱ्यांच्या संघटना आणि पुरोगामी कार्यकर्ते यांचा संताप मात्र या एकाच शब्दावरून आहे.

या शब्दाचे मूळ मराठी मुलखातच आहे. महाराष्ट्र विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात ग्रामीण भागातील प्रत्येक हाताला काम देण्याची कल्पना मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडली. तासगाव तालुक्यात तिचा छोटा प्रयोग झाला आणि १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोहोचली. नाईक हे पुसदचे, म्हणजे याच पैनगंगेच्या खोऱ्यातले. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा उभा करण्यासाठी शहरी नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला आणि त्यात तेवढीच भर सरकारने घालावी असे ठरले. मुंबईतील पगारदाराने मराठवाड्यातील मजुराच्या मजुरीचा भार उचलावा, ही तरतूद आजच्या राजकीय हवेत सुचणेही कठीण वाटते. ‘मागेल त्याला काम’ हे या योजनेचे ब्रीद होते आणि सारा भर ‘मागेल’ या शब्दावर होता. किती काम काढायचे, हे मंत्रालयाने नव्हे तर मजुराच्या मागणीने ठरवायचे.

हेच तत्त्व २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात उतरले. ते विधेयक डिसेंबर २००४ मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्यानंतर ते ग्रामीण विकासविषयक स्थायी समितीकडे गेले. समितीचे अध्यक्ष त्या वेळच्या विरोधी पक्षातील, भाजपचे कल्याणसिंह होते. मूळ मसुद्यावर महिनोन्‌महिने टीका झाली, दुरुस्त्या झाल्या आणि ऑगस्ट २००५ मध्ये विधेयक मंजूर झाले. २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात बंडलापल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. पहिल्या टप्प्यातील २०० जिल्ह्यांत तत्कालीन अविभाजित आदिलाबादचाही समावेश होता. याउलट २०२५ चे विधेयक १६ डिसेंबरला मांडले गेले, १८ तारखेला लोकसभेने आणि त्याच मध्यरात्रीनंतर राज्यसभेने ते मंजूर केले. २१ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. स्थायी समितीकडे ते गेलेच नाही.

नव्या कायद्याचे लांबलचक नाव ‘विकसित भारत - रोजगार आणि आजीविका हमी अभियान (ग्रामीण)’ असे असून त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘जी राम जी’ हे संक्षिप्त रूप रूढ झाले आहे. चर्चा झाली ती बहुतांशी नावाची. गांधीजींचे नाव गेले, रामाचे आले, यावर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रात्री रंगल्या. आदिलाबादच्या मजुराचे हित-अहित मात्र नावापेक्षा हिशेबाच्या कलमांत दडलेले आहे.

जुन्या कायद्यात अकुशल मजुरीचा संपूर्ण खर्च आणि साहित्याचा तीन चतुर्थांश खर्च केंद्र उचलत असे. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर बेकारी भत्ता देण्याची जबाबदारी मात्र राज्याची होती. ही रचना विचारपूर्वक केलेली होती. काम दिले तर मजुरी दिल्लीच्या तिजोरीतून, नाकारले तर भुर्दंड राज्याच्या तिजोरीला. त्यामुळे काम काढण्यातच राज्याचा फायदा होता.

नव्या कायद्यात दिवस १०० वरून १२५ झाले आहेत. पण बहुतेक राज्यांसाठी खर्चाची विभागणी केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के अशी झाली आहे. शिवाय प्रत्येक राज्याला वर्षाला किती निधी द्यायचा हे केंद्र निकषांनुसार आधीच ठरवील आणि त्यापलीकडचा सगळा खर्च राज्याने करायचा आहे. ३०७ रुपयांच्या दराने एका कुटुंबाला १२५ दिवस काम दिले, तर मजुरी होते ३८,३७५ रुपये. त्यातले १५,३५० रुपये आता राज्याने घालायचे. पूर्वी यातला एक पैसाही राज्याचा नव्हता. आता दुसरी बाजू पाहावी. जुन्या कायद्यातील प्रमाण धरले, तर बेकारी भत्ता पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश असतो. काम दिले तर रुपयामागे चाळीस पैसे आणि नाकारले तर पंचवीस पैसे, असे हे गणित बसते. निधीची मर्यादा ओलांडल्यावर काम देण्याचा खर्च तर पूर्ण रुपया होतो. ज्या राज्याची तिजोरी ओढग्रस्तीची आहे, ते कोणता मार्ग धरील हे वेगळे सांगायला नको. त्यातही बेकारी भत्ता प्रत्यक्षात क्वचितच कुणाच्या हाती पडतो.

वाढीव पंचवीस दिवसांकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. शंभर दिवसांची हमी असतानाही देशात एका कुटुंबाला वर्षाकाठी सरासरी सुमारे पन्नास दिवसच काम मिळत आले आहे. छत उंच केल्याने जमिनीवर बसलेल्या माणसाची उंची वाढत नाही.

नव्या कायद्याच्या समर्थकांची बाजू अगदीच पोकळ नाही. खर्चाचा अंदाज आधी बांधता येईल, कामे पाणी, रस्ते व उपजीविकेच्या साधनांभोवती एकवटतील, मजुरी आठवड्याला देता येईल, असे ते सांगतात. पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला मजूर मिळत नाही, ही तक्रार तर आदिलाबादच्या कोणत्याही गावात ऐकू येते. तेलंगणातील राज्यकर्त्यांनीही ही योजना शेतीशी जोडण्याची मागणी पूर्वी केलेली आहे. त्यावर नव्या कायद्याने दिलेले उत्तर असे, की शेतीच्या भर हंगामात वर्षातून एकूण साठ दिवसांपर्यंत ही कामे थांबवायची.

इथे कापसाच्या पट्ट्याचा प्रश्न उभा राहतो. या जिल्ह्यात रोजगार हमीची कामे तशीही मुख्यतः उन्हाळ्यात निघतात. तेव्हा साठ दिवसांच्या विरामाने काय बिघडते, असे कुणी विचारील. बिघडते ते मजुराच्या घासाघिशीच्या बळाचे. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. गावात दुसरे काम उपलब्ध असले, की वेचणारी बाई दोन रुपये जास्त मागू शकते; ते कायद्यानेच बंद झाले, की मिळेल तो दर घ्यावा लागतो. शिवाय भर हंगामातही सर्वांना शेतात बोलावणे येत नाही. वय झालेले, अपंग, आणि उटनूर-नारनूरच्या डोंगरांतील कोलाम पाड्यांवरचे लोक सपाटीवरच्या शेतांपासून दूर असतात. याच पाड्यांवर मोबाइलचे जाळे विरळ आहे. कामाच्या ठिकाणी दिवसातून दोनदा छायाचित्र काढून ॲपवर हजेरी लावण्याची सक्ती २०२३ पासून आणि आधारशी जोडलेल्या खात्यातूनच मजुरी देण्याची सक्ती २०२४ पासून झाली. छायाचित्र चढले नाही, तर राबलेला दिवस हजेरीपटावर येत नाही. नव्या कायद्याने ही यंत्रणा अधिक घट्ट केली आहे.

संताप केवळ दिल्लीतील सत्ताधाऱ्यांवर असता, तर तो सरळ राजकीय विरोध ठरला असता. त्यात वैताग मिसळला आहे, तो आपले म्हणवणाऱ्यांच्या वागण्यामुळे. ज्यांनी कायदा आणला त्या संयुक्त पुरोगामी आघाडी सरकारनेच २००९ मध्ये ही मजुरी राज्यांच्या किमान वेतनापासून तोडली होती. त्याविरुद्ध मजुरांच्या संघटनांना न्यायालयात जावे लागले. तेलंगणात तत्कालीन टीआरएस सरकारने २०२० मध्ये संपावर गेलेल्या सात हजारांहून अधिक फील्ड असिस्टंटना घरी पाठवले आणि २०२२ मध्ये पुन्हा बोलावले. मधल्या काळात, महासाथीने परतलेल्या मजुरांना कामाची सर्वाधिक गरज असताना, गावपातळीवर काम काढणारा अनुभवी माणूसच जागेवर नव्हता. काँग्रेसने २०२३ च्या निवडणुकीत वृद्ध व विधवांचे निवृत्तिवेतन २,०१६ रुपयांवरून ४,००० करण्याचे वचन दिले; सत्तेला दोन वर्षे होऊन गेली तरी लाभार्थी जुन्याच रकमेची रांग धरून होते. या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा किती, हेही ठाऊक असावे. साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या दारिद्र्यरेषेखालील वृद्धासाठी दरमहा २०० रुपये, आणि हा आकडा २००७ पासून हललेला नाही.

आदिलाबादने तिन्ही पक्षांना आजमावले आहे. लोकसभेत २०१९ पासून भाजपचा खासदार आहे. २०२३ मध्ये आदिलाबाद विधानसभा मतदारसंघाने भाजपला, बोथने बीआरएसला आणि खानापूरने काँग्रेसला निवडले. तेव्हा निवेदन कुणाकडे न्यायचे, या प्रश्नाला इथे तीन उत्तरे आहेत, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो.

राज्याच्या हाती काहीच नाही, असे मात्र नाही. २६ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘इंदिरम्मा आत्मीय भरोसा’ योजनेत भूमिहीन शेतमजूर कुटुंबाला वर्षाला १२,००० रुपये देण्याचे ठरले, आणि पात्रतेसाठी २०२३-२४ मध्ये रोजगार हमीवर किमान वीस दिवस काम केल्याची अट घातली गेली. म्हणजे हजेरीपटावरचे दिवस घटले, तर अशी अट असलेल्या मदतीलाही ते कुटुंब मुकते. ही अट ठेवायची की बदलायची, हे हैदराबादच ठरवू शकते.

कामे थांबवण्याचे साठ दिवस जाहीर करण्याचा अधिकारही कायद्याने राज्यालाच दिला आहे. ते दिवस सर्वत्र एकच असावेत असे बंधन नाही. जिल्हा, मंडळ, इतकेच काय ग्रामपंचायतीनुसारही ते वेगळे ठेवता येतात. मृगाच्या पावसावर कापूस लावणाऱ्या जैनथचा हंगाम आणि डोंगरउतारावर ज्वारी पिकवणाऱ्या पाड्याचा हंगाम एक नाही. कापसाची वेचणी तर दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, म्हणजे एकटीच साठ दिवसांहून जास्त चालते. कोणते दिवस बंद ठेवायचे याचा ठराव ग्रामसभेत मजुरांसमोर होतो, की तारखा सचिवालयातून छापून येतात, हे अधिसूचना निघेल त्या दिवशी कळेल.