गाडीचे दुसरे तेल

दुकानाचा माल, मुलांची ने-आण, वर्षातून एखादी यात्रा असा भार १०-१५ वर्षे वाहिलेली ऑटोमॅटिक गिअरची मोठी गाडी आज अनेक घरांत आहे. तिच्या इंजिनाचे ऑइल आपण वेळेवर बदलतो. गिअरबॉक्समधील ऑइलचे मात्र स्मरण राहत नाही. लिव्हर ‘डी’वर आणल्यावर गाडी थबकून हलू लागली किंवा घाटात इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढेना, की मगच ते आठवते. तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो.

हे ऑइल केवळ वंगण नव्हे. टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची शक्ती तेच पुढे नेते, त्याच्याच दाबाने आतील क्लच पकड घेतात आणि घर्षणाची उष्णताही तेच वाहून नेते. ते कमी पडले तर क्लच घसरून जळतात. अधिक झाले तर घुसळून फेसाळते आणि दाब टिकत नाही.

तपासण्यासाठी प्रथम गाडी चालवून ऑइल नीट तापू द्यावे आणि सपाट जागी हँडब्रेक लावून ती उभी करावी. पुढील रीत मात्र गाडीगणिक बदलते. टोयोटाच्या जुन्या लँड क्रूझरमध्ये इंजिन सुरूच ठेवून, ब्रेक दाबून, लिव्हर प्रत्येक स्थानावर क्षणभर थांबवत पुन्हा ‘पी’वर आणतात आणि मग डिपस्टिक ओढतात. होंडाच्या जुन्या सीआर-व्हीमध्ये इंजिन बंद केल्यावर ६० ते ९० सेकंदांत पाहतात. एकीची रीत दुसरीस लावल्यास माप चुकते. म्हणून कंपनीची पुस्तिका आधी वाचावी. डिपस्टिक धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मगच पातळी पाहावी. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते. तेथे हे काम जाणत्या गॅरेजकडे सोपवावे.

पातळीइतकेच रंग आणि वासही बोलतात. नवे ऑइल बहुधा लाल असते. ते काळपट होऊन करपट वास येत असेल, तर आत काही जळत आहे. दुधाळ गुलाबी दिसल्यास पाणी किंवा कूलंट मिसळले आहे. अशी गाडी चालवू नये.

‘जुन्या गिअरबॉक्सला नवे ऑइल मानवत नाही’ असा समज आहे. खरे तर झिजलेला क्लच नव्या ऑइलने भरून येत नाही आणि दोष मात्र ऑइलवर येतो. गाडी आधीच घसरत असेल, तर प्रथम निदान करून घ्यावे. ती ठीक चालत असेल, तर टप्प्याटप्प्याने बदल करणे बरे. कारण नेहमीच्या रीतीने काढताना बरेच ऑइल कन्व्हर्टरमध्येच उरते. रंग सारखा म्हणून ऑइलची जात सारखी, असेही मानू नये. पुस्तिकेत नोंदलेल्या जातीचेच घालावे.

अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या आरंभापर्यंत या ऑइलमध्ये देवमाशाचे तेल मिसळले जाई. त्यावर बंदी आली, रसायनशास्त्रज्ञांनी पर्याय शोधले आणि गाड्या धावतच राहिल्या. आपल्या हाती त्याहून सोपे कर्तव्य आहे : काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत न ओतता वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्यावे, आणि पुढील प्रवासापूर्वी १० मिनिटे काढून डिपस्टिक पाहावी.