सोन्याहून कागद भारी

जपानातल्या कानाझावाच्या हिगाशी चायात सकाळी नवाच्या आत पोचावं. दहानंतर भाड्याचे किमोनो घालून फोटो काढणाऱ्यांची गर्दी सुरू होते, मग घरं कमी आणि मोबाइल जास्त दिसतात. त्याआधी मात्र लाकडी जाळ्यांची दुमजली घरं आणि दारापुढे पाणी मारणारं एखादं माणूस, एवढंच असतं. 1820 साली संस्थानाने गावातली चहाघरं एकत्र आणून हा मोहल्ला वसवला. नावाला चहाघरं, खरा व्यवहार वरच्या मजल्यावरच्या गाण्यानाचाचा. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर बॉम्ब पडले नाहीत, म्हणून ते आज जुन्या गल्ल्यांसकट उभं आहे.

कित्येक दारांवर वाळलेली मक्याची कणसं टांगलेली होती, तोरणासारखी. जवळच्या कान्नोन देवीच्या देवळात उन्हाळ्यातल्या एका विशिष्ट दिवशी ती मिळतात. कणसाला जेवढे केस दाट, तेवढी घरात बरकत, अशी समजूत. नवऱ्याने लगेच डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्या बरकतीचं कठीण आहे म्हणाला.

आम्ही आलो होतो ते सोन्याचा वर्ख बघायला. जपानातला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख या एका शहरात होतो. क्योतोचा सुवर्णमंडप 1987 मध्ये नव्याने मढवला, त्याचं सोनंही इथलंच. गंमत म्हणजे शोगुनच्या काळात वर्ख ठोकायची सरसकट परवानगी नव्हती. 1808 मध्ये इथल्या किल्ल्यातला महाल जळाला आणि तो पुन्हा बांधायला क्योतोहून कारागीर आणावे लागले. तेव्हापासून गावाने ही विद्या चोरूनमारून जोपासली. पुढे शोगुनशाही गेली, एदोचे, म्हणजे आजच्या टोकियोचे, कारागीर मागे पडले आणि मैदान कानाझावाला मिळालं. हवाही मदतीला होती. इथे पाऊस आणि हिमाची कमी नाही; डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस, अशी गावात म्हणच आहे. दमट हवेत स्थिर वीज कमी साचते, आणि एवढ्या पातळ सोन्याला ती शत्रूच.

किती पातळ? मिलिमीटरचा दहाहजारावा भाग. सोन्यात नावापुरती चांदी आणि तांबं मिसळून आधी पट्टी लाटतात, तुकडे करतात, कागदात घालून ठोकतात, पुन्हा तुकडे, पुन्हा ठोकणं. ठोकायला शंभरेक वर्षांपूर्वी यंत्र आलं. घणाचा आवाज ऐकायला मिळेल ही नवऱ्याची आशा त्यामुळे फोल ठरली. गल्लीतल्या दुकानात दाखवतात तो शेवटचा टप्पा.

काचेमागे साठीच्या बाई बसल्या होत्या. समोर कातड्याने मढवलेली पाटी, हातात बांबूचा लांब चिमटा. बांबूच का, तर त्याला सोनं चिकटत नाही. ठोकलेल्या वर्खाच्या कडा वेड्यावाकड्या असतात. बाईंनी एक पान चिमट्याने उचललं, ते हवेत फडफडलं, आणि पाटीवर उतरताना त्याला सुरकुती पडली. बाईंनी ओठांचा चंबू करून वर्खाच्या मधोमध हलकी फुंकर घातली. सुरकुती मधून कडेकडे सरकत गेली आणि पान सपाट. मग बांबूच्या चौकटीने चारी बाजू कापल्या. अकरा सेंटिमीटरला जेमतेम कमी असा चौकोन उरला, तो कागदावर गेला. कापलेले तुकडे वाया जात नाहीत, ते पुन्हा वितळवतात. बाई कामात असेपर्यंत आम्ही दोघंही नकळत श्वास धरून होतो.

नंतर आम्हीही फी भरून एकेका लाकडी डबीवर वर्ख लावला. नवऱ्याच्या डबीचा उल्लेख न केलेला बरा.

पण मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते कागदाने. सोनं ज्या कागदांच्या थरात ठोकतात तो गाम्पी नावाच्या झुडपाच्या सालीचा. भाताच्या पेंढ्याच्या राखेचं पाणी, पर्सिमनच्या कच्च्या फळांचा तुरट रस आणि अंडं यांत तो भिजवायचा, पिळायचा, वाळवायचा, ठोकायचा, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. यात महिने जातात. कागद बिघडला तर सोनं पसरत नाही, फाटतं. या जुन्या पद्धतीचा 2020 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत समावेश झाला, जपानच्या लाकडी बांधकामाच्या इतर कौशल्यांबरोबर. देवळांच्या दुरुस्तीला हाच वर्ख लागतो. बाजारात खपतो तो बहुतेक नव्या, झटपट पद्धतीचा. त्याचे कागद वेगळे आणि स्वस्त.

आपल्याकडे काजूकतलीवरचा चांदीचा वर्ख जनावरांच्या आतड्याच्या थरांत ठोकत असत. 2016 मध्ये सरकारी नियमाने त्यावर बंदी घातली. हे नवऱ्याला सांगितलं तर त्याने तत्परतेने अंड्याचा मुद्दा काढला. आमच्या घरी अंडं चालतं, त्यामुळे वाद तिथेच मिटला.

सोनं ठोकून ठोकून हा कागद थकला की त्याला दुसरी नोकरी लागते. तो चेहऱ्यावरचं तेल असा काही टिपतो की गेइशा आणि नट मेकअप न बिघडवता चेहरा पुसायला तोच वापरत. आजही दुकानात छोट्या पुड्या मिळतात. मात्र खरोखर वर्खाखालून आलेला जुना कागद दुर्मीळ आणि महाग. बाकीच्या पुड्या त्याच नावावर खपवलेल्या.

दुपारी जिबुनी खाल्लं. बदकाच्या तुकड्यांना पीठ लावून शिजवतात, त्यामुळे रस्सा दाटसर होतो. वर वासाबी, सोबत गव्हाच्या ग्लुटेनचा स्पंजसारखा तुकडा. सगळा रस्सा तो तुकडाच पितो, हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. माझ्या ताटातली भाजी साधी दिसत होती, पण तिचं पाणीही सुक्या माशाचं. मी मासे खाते म्हणून निभावलं; पक्क्या शाकाहारी माणसाने इथे विचारल्याशिवाय चमचा बुडवू नये. वर चहाच्या पानांऐवजी भाजलेल्या देठांचा चहा आला, खरपूस आणि हलका. तेवढ्यासाठी मी पुन्हा जाईन.

अख्खा वर्ख चिकटवलेलं आइस्क्रीम गल्लीत जागोजागी मिळतं, हजार येनच्या आसपास. सोन्याला चव नसते, ओठांना मात्र चिकटतं. जोडीने गेलात तर दोघांत एकच घ्या. उरलेल्या पैशांत जवळच्या यासुए वर्ख संग्रहालयाचं तिकीट काढा, आणि पुडी घ्यायचीच तर जुन्या कागदाचीच आहे ना, हे विचारून घ्या.