पठारावस्था : किशोर खेळाडूंच्या प्रगतीतील एक अवघड टप्पा

सराव आणि प्रगती यांचे नाते प्रारंभी अगदी सरळ असते. दहाबारा वर्षांचे मूल नियमितपणे मैदानावर येऊ लागले, की काही आठवड्यांतच त्याचा वेग वाढतो, उडी लांबते, हातापायांत एक नवा डौल दिसू लागतो. जेवढे कष्ट तेवढे फळ, असा विश्वास त्या मुलाच्या मनात रुजतो आणि पालकांच्या व प्रशिक्षकांच्या मनातही तो दृढ होतो. परंतु दोनतीन वर्षांनी बहुधा असा एक काळ येतो, की सराव तोच, कष्ट पूर्वीपेक्षा अधिक, आणि तरीही घड्याळातील आकडे जागचे हलत नाहीत. अध्ययनाच्या मानसशास्त्रात या स्थितीला ‘पठारावस्था’ म्हणतात. डोंगर चढणारा माणूस माथ्यावर पोहोचण्यापूर्वी एखाद्या सपाट जागी येतो व बराच वेळ चालूनही त्याची उंची वाढत नाही, तशीच ही अवस्था असते.

या काळात मुलांच्या खेळाचे पुष्कळ नुकसान होते. कित्येक जण खेळ सोडून देतात. कित्येक जण दुप्पट सराव करून स्वतःला जायबंदी करून घेतात. काही जण गैरमार्गाकडे वळतात. म्हणून या अवस्थेचे स्वरूप समजून घेणे हे केवळ प्रशिक्षकांचे नव्हे, तर पालकांचे आणि शिक्षकांचेही काम आहे.

कल्पनेचा उगम

पठारावस्थेची कल्पना क्रीडांगणावर जन्मली नाही. ती तारघरात जन्मली. अमेरिकेतील विल्यम लो ब्रायन आणि नोबल हार्टर या दोन संशोधकांनी १८९७ आणि १८९९ साली तारयंत्र शिकणाऱ्या उमेदवारांच्या प्रगतीचे आलेख प्रसिद्ध केले. संदेश पाठविण्याचे कौशल्य क्रमाक्रमाने वाढत जात होते. परंतु येणारा संदेश ऐकून टिपण्याच्या कौशल्याचा आलेख काही काळ वर चढून मध्येच आडवा होत असे. काही आठवडे तो तसाच राही आणि मग पुन्हा चढू लागे. शिकणारा प्रथम एकेक अक्षर ओळखतो, नंतर संपूर्ण शब्द आणि अखेरीस शब्दसमूह. अक्षरे ओळखणे पुरेसे अंगवळणी पडेपर्यंत त्याचे लक्ष शब्दांसाठी मोकळे होत नाही. पठाराचा काळ हा या अदृश्य जुळणीचा काळ होय, असे त्यांनी प्रतिपादन केले.

पुढे या मतावर आक्षेपही घेतले गेले. फ्रेड केलर या मानसशास्त्रज्ञाने १९५८ साली असे दाखविले, की सांकेतिक लिपी शिकणाऱ्या सर्वांच्या आलेखात असे पठार आढळतेच असे नाही. या दोन्ही निष्कर्षांतून क्रीडाक्षेत्राला उपयुक्त असा बोध मिळतो. प्रगती थांबल्यासारखी दिसत असताना आत काही घडत असू शकते, हा पहिला. पठार हा निसर्गाचा अटळ नियम नव्हे, त्यामागे शोधून काढता येण्याजोगी कारणे असतात, हा दुसरा.

पठार खरे की भासमान?

उपाय शोधण्यापूर्वी प्रगती खरोखरच थांबली आहे काय, हे तपासून पाहिले पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी हाताने दाबावयाच्या घड्याळावर एखाद्या मुलाने १०० मीटर अंतर ११.० सेकंदांत कापले आणि पुढे राज्य स्पर्धेत विद्युत घड्याळाने त्याची वेळ ११.२४ सेकंद दाखविली, तर आपला वेग घटला असे त्याला वाटते. वस्तुतः कमी अंतराच्या शर्यतीत हाताच्या घड्याळाची वेळ सुमारे ०.२४ सेकंदाने कमी भरते, असे सर्वत्र मानले जाते. म्हणजे त्या मुलाचा वेग तेवढाच आहे. वाऱ्याचेही असेच आहे. पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदाला २ मीटरपेक्षा अधिक असेल, तर १०० मीटर शर्यतीतील किंवा लांब उडीतील कामगिरी विक्रमासाठी ग्राह्य धरली जात नाही. मातीची धावपट्टी आणि कृत्रिम धावपट्टी, मे महिन्यातील दुपार आणि डिसेंबरमधील सकाळ यांची तुलना करणे व्यर्थ आहे.

यासाठी प्रत्येक तरुण खेळाडूने एक साधी वही ठेवावी. सरावाचा प्रकार, झोपेचे तास, सकाळी उठल्यावर नाडीचे ठोके, दुखणेखुपणे आणि मनाची स्थिती यांची रोज दोन ओळींत नोंद केली, तरी दोनतीन महिन्यांत जे चित्र उभे राहते ते स्मरणशक्तीच्या भरवशावर कधीच मिळत नाही.

वाढत्या वयाचा प्रभाव

प्रौढ खेळाडू आणि किशोर खेळाडू यांच्या पठारांत एक मूलभूत फरक असतो. किशोराचे शरीरच बदलत असते. मुलींमध्ये उंचीच्या वाढीचा वेग साधारणपणे बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो. या काळात एका वर्षात उंची आठ-दहा सेंटिमीटरनेही वाढू शकते. हातपाय लांब होतात. परंतु त्यांच्यावर ताबा ठेवण्याची मज्जासंस्थेची जुनी सवय आखूड हातापायांची असते. कालपर्यंत अचूक पडणारे पाऊल उडीच्या फळीवर चुकू लागते. हा दोष आळसाचा नव्हे आणि तो रागावून दूर होत नाही. अशा वेळी वजनदार व्यायाम वाढविण्याऐवजी तोल, लय आणि मूलभूत हालचाली यांचा सराव पुन्हा करून घेणे हितावह ठरते. हाडांची टोके याच काळात नाजूक असल्याने गुडघ्याखाली किंवा टाचेत सतत दुखत असेल, तर ते अंगावर काढू देऊ नये.

मुलींच्या बाबतीत शरीररचनेत होणाऱ्या स्वाभाविक बदलांमुळे वर्ष-दोन वर्षे धावण्याच्या किंवा उडीच्या कामगिरीत वाढ दिसत नाही. हा बदल म्हणजे अपयश नव्हे, हे मुलीला कोणीतरी आस्थेने सांगितले पाहिजे. ते न सांगितल्यामुळे कित्येक मुली वजन घटविण्यासाठी जेवण कमी करतात. परिणामी शक्ती घटते, हाडे कमजोर होतात, मासिक पाळी अनियमित होते किंवा बंदच पडते. पाळी बंद पडणे हे कठोर सरावाचे भूषण मानण्याची चूक काही ठिकाणी होते. प्रत्यक्षात ती वैद्यकीय सल्ला घेण्याची सूचना असते.

आणखी एक बाब विचारात घेतली पाहिजे. सर्व मुले एकाच वयात प्रौढ होत नाहीत. ज्याची वाढ लवकर होते तो तेराव्या वर्षी उंच व बलवान असतो आणि सहज जिंकतो. सोळाव्या वर्षी इतर मुले त्याची बरोबरी करतात, तेव्हा तो मागे पडला असे सर्वांना वाटते. वास्तविक तो मागे पडलेला नसतो. त्याला मिळालेली तात्पुरती सवलत संपलेली असते. शरीराच्या जोरावर झाकली गेलेली तंत्रातील उणीव आता उघडी पडते. ती भरून काढणे हेच त्याचे पुढील काम असते.

अन्न, झोप आणि विश्रांती

लांब अंतर धावणाऱ्या मुलीची वेळ काही महिन्यांपासून सुधारत नसेल किंवा उलट वाढत असेल, तर सराव बदलण्यापूर्वी तिचे रक्त तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये आणि सुमारे ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू स्नायूंपर्यंत नेते. तेच कमी असेल, तर उत्तमातला उत्तम प्रशिक्षकही त्या मुलीचा दम वाढवू शकणार नाही.

झोपेचेही तसेच आहे. तेरा ते अठरा या वयोगटातील मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. आपल्याकडे दहावी आणि बारावीची वर्षे नेमकी याच वयात येतात. पहाटे पाचला मैदान, दिवसभर शाळा, संध्याकाळी शिकवणी आणि रात्री उशिरापर्यंत अभ्यास, अशा दिनक्रमात सराव होतो, परंतु त्याचे फळ मिळत नाही. कारण शरीर सरावाच्या वेळी बलवान होत नसते. सरावाने ते थकते, आणि नंतरच्या विश्रांतीत झीज भरून काढताना पूर्वीपेक्षा थोडे अधिक समर्थ होते. विश्रांतीच न मिळाल्यास थकव्यावर थकवा साचत जातो. सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद असणे, झोप न लागणे, भूक मंदावणे, वारंवार सर्दी होणे, चिडचिड वाढणे ही त्याची लक्षणे होत.

विश्रांतीने पठार कसे ओलांडता येते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण रॉजर बॅनिस्टर या इंग्रज धावपटूचे आहे. एक मैल अंतराचा विश्वविक्रम १९४५ पासून ४ मिनिटे १.४ सेकंदांवर अडलेला होता. १९५३-५४ च्या हिवाळ्यात बॅनिस्टर आणि त्याचे सहकारी पाव मैलाचे दहा तुकडे, मध्ये दोन मिनिटे थांबून, धावण्याचा सराव करीत. प्रत्येक तुकड्याची वेळ ६६ सेकंदांवरून ६१ सेकंदांवर आली आणि तेथेच थांबली. किती प्रयत्न केला तरी ६० सेकंद साधेनात. तेव्हा बॅनिस्टर एका सहकाऱ्यासह काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत गिर्यारोहणास गेला आणि त्याने धावणे पूर्णपणे बंद ठेवले. परत आल्यावर तेच तुकडे ५९ सेकंदांत पुरे झाले. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे त्याने एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केला.

तंत्रात बदल

सर्वच पठारे विश्रांतीने ओलांडता येत नाहीत. काही वेळा अंगीकारलेले तंत्रच त्या खेळाडूच्या शरीराला मानवणारे नसते. अमेरिकेतील डिक फॉसबरी या शाळकरी मुलाला त्या काळी रूढ असलेली, पोट आडव्या दांडीकडे ठेवून उडी मारण्याची पद्धत काही केल्या जमत नव्हती. १९६३ च्या सुमारास त्याने प्रशिक्षकाच्या संमतीने जुन्या कैचीसारख्या उडीकडे परत जाण्याचे ठरविले. उंची वाढू लागली तशी तो कंबर उचलण्यासाठी पाठ मागे झुकवू लागला आणि हळूहळू पाठीवरून दांडी ओलांडण्याची नवीनच पद्धत सिद्ध झाली. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने याच पद्धतीने २.२४ मीटर उडी घेऊन सुवर्णपदक मिळविले. आज जगभरातील उंच उडी मारणारे हीच पद्धत वापरतात. येथे ध्यानात घ्यावयाचा मुद्दा असा, की प्रशिक्षकाने मुलाला एक पाऊल मागे घेण्याची मुभा दिली होती.

तंत्र बदलताना प्रारंभी कामगिरी बहुधा खालावते. म्हणून असा बदल स्पर्धांच्या हंगामात करू नये, आणि केल्यावर काही महिने निकालाची अपेक्षा ठेवू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशाचा काय परिणाम झाला ते कळते. सरावातील एकसुरीपणा घालविण्यासाठी अंतर, वेग आणि व्यायामप्रकार यांत नियोजनपूर्वक फेरफार करावा. तीन आठवडे भार वाढवून चौथा आठवडा हलका ठेवण्याची पद्धत अनेक प्रशिक्षक अवलंबितात.

धीराची परीक्षा

कधी कधी सर्व काही योग्य असूनही वाट पाहावी लागते. नीरज चोप्रा याने २०१६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ८६.४८ मीटर भाला फेकून वीस वर्षांखालील गटाचा विश्वविक्रम केला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तो ८८.०६ मीटरपर्यंत पोहोचला. त्यानंतर कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि मार्च २०२१ मध्ये त्याची नवी सर्वोत्तम फेक होती ८८.०७ मीटर. सुमारे अडीच वर्षांत केवळ एका सेंटिमीटरची वाढ! ३० जून २०२२ रोजी स्टॉकहोम येथे त्याने ८९.९४ मीटर अंतर गाठले. नव्वद मीटरसाठी सहा सेंटिमीटर उरले होते. ते पार करावयास १६ मे २०२५ उजाडला. त्या दिवशी दोहा येथे भाला ९०.२३ मीटरवर पडला. परंतु या दोन्ही पठारांच्या काळात तो थांबला होता काय? टोकियो ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्याने ऑगस्ट २०२१ मध्ये ८७.५८ मीटरच्या फेकीवर मिळविले आणि २०२३ चे जागतिक विजेतेपद ८८.१७ मीटरच्या फेकीवर. सर्वोत्तम आकडा स्थिर असताना त्याच्या खेळातील सातत्य आणि मोठ्या प्रसंगी टिकाव धरण्याची शक्ती वाढत होती. प्रगतीची मापे अनेक असतात. पठारावर उभ्या असलेल्या मुलाला त्यांपैकी दुसरे एखादे माप दाखवून देणे, हे प्रशिक्षकाचे कौशल्य होय.

वडीलधाऱ्यांची भूमिका

स्पर्धेहून परतलेल्या मुलाला घरात पहिला प्रश्न बहुधा ‘कितवा नंबर आला?’ असा विचारला जातो. त्याऐवजी आज काय जमले आणि काय जमले नाही, असे विचारले, तर मुलाचे लक्ष त्याच्या हाती असलेल्या गोष्टींकडे वळते. क्रमांक इतरांच्या कामगिरीवरही अवलंबून असतो. सुरुवातीचे पाऊल, श्वासाची लय, वेळेवर झोप या गोष्टी त्याच्या स्वतःच्या असतात. शेजारच्या मुलाशी तुलना, बोलून दाखविलेला खर्च आणि खेळाडूंसाठी राखीव असलेल्या नोकरीची सतत आठवण यांनी ओझे तेवढे वाढते.

याच काळात कोणी एखादी भुकटी, गोळी किंवा सुई सुचवितो. भारतात राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्था २००५ मध्ये स्थापन झाली आणि २०२२ मध्ये याविषयी कायदाही झाला. निषिद्ध द्रव्य शरीरात सापडल्यास ते कोणी दिले हा प्रश्न दुय्यम ठरतो. जबाबदारी प्रथम खेळाडूवरच येते. ही गोष्ट मुलांना स्पष्ट शब्दांत आणि वेळीच सांगितली पाहिजे. निमूटपणे गोळी घेणाऱ्या मुलाला पठार ओलांडण्याचा दुसरा मार्ग कोणी दाखविलेला नसतो, हेही तितकेच खरे आहे.

शेवटी हेही मान्य केले पाहिजे, की प्रत्येक मूल विजेता होणार नाही. काहींच्या बाबतीत पठार हीच त्यांची सर्वोच्च उंची असते. काहींना दुसरा खेळ अधिक मानवतो. परंतु हा निर्णय घाईने, दमलेल्या शरीराने आणि खचलेल्या मनाने घेतला जाऊ नये. कारण तपासले, पुरेसे अन्न व विश्रांती दिली, तंत्र पडताळून पाहिले आणि पुरेसा काळ जाऊ दिला, तर त्यानंतर मुलाने घेतलेला कोणताही निर्णय त्याचा स्वतःचा असतो. मग तो मैदानावर राहिला काय किंवा मैदान सोडून गेला काय, खेळाविषयीची त्याची गोडी मात्र कायम राहते.