गुडघा माझा, की कंपनीचा?

नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत पेन्शनरांची रीघ लागते. आता मीही त्या रांगेत असतो. पण माझी नोकरीची सगळी वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. निवृत्तीच्या थोडे आधी 'जीवन प्रमाण' ही अंगठ्यावर चालणारी सोय सुरू झाली, तेव्हाची गोष्ट. इथल्याच एक आजी फॅमिली पेन्शनसाठी लागोपाठ तीन दिवस आल्या. जन्मभर भांडी घासून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्र त्यांना ओळखेना. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "साहेब, मी मेले नाही एवढं तरी लिहून द्या." मी कागदी फॉर्म काढला, समक्ष पाहिल्याची सही केली आणि काम झाले. मी त्यांना पंधरा-वीस वर्षे ओळखत होतो. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते.

शरीर बदलले तर माणूस तोच राहतो का, आणि ते ठरवायचे कोणी? निवृत्तीनंतर विज्ञानकथा वाचू लागलो, तेव्हा हाच प्रश्न तिथे पुन्हा भेटला. मी बी.कॉम. झालेला माणूस, विज्ञानातले मला बेताचेच कळते. पण यंत्राचे शरीर मिळालेली माणसे आणि माणूस होऊ पाहणारी यंत्रे यांच्या काही कथा वाचताना वाटले, हा तर आपल्याच खात्याचा विषय! अशा पात्रांना हल्ली 'मानवोत्तर' म्हणतात, म्हणजे माणसाच्या पुढच्या पायरीवर गेलेली. शरीर आणि यंत्र यांच्या जोडणीसाठी 'सायबॉर्ग' हा शब्द 1960 मध्ये मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोन संशोधकांनी अंतराळप्रवासाच्या संदर्भात वापरात आणला. कथाकार मात्र त्याच्या आधीच कामाला लागले होते.

सी. एल. मूर या अमेरिकन लेखिकेची 'नो वूमन बॉर्न' ही कथा 1944 ची. डिअर्ड्री ही लोकप्रिय नर्तिका नाट्यगृहाच्या आगीत होरपळते. फक्त मेंदू वाचतो. तो सोनेरी धातूच्या शरीरात बसवला जातो. तिला नाक-डोळ्यांचा चेहराच नाही. तिचा जुना व्यवस्थापक भेटायला येतो तेव्हा आधी बिचकतो. पण तिचा आवाज, तिची चाल, मान वळवण्याची ढब पाहून त्याची खात्री पटते, ही तीच. म्हणजे ओळखपत्र निरुपयोगी ठरले आणि ओळखीचे माणूस कामी आले. आमच्या त्या आजींचेही तेच झाले होते. मात्र मूरबाई कथा गोड करून संपवत नाहीत. नव्या शरीरात अचाट बळ आहे, आणि आपण हळूहळू माणसांपासून दूर जाऊ ही भीती खुद्द डिअर्ड्रीलाच वाटू लागते.

दुसरी कथा माझी विशेष आवडती, कारण तिच्यात कर्जवसुली आहे. पोलंडचे स्तानिस्लाव लेम यांनी ती 1955 मध्ये लिहिली. हॅरी जोन्स हा मोटारशर्यतीतला चालक. अपघातामागून अपघात होतात आणि एक कंपनी त्याला कृत्रिम अवयव पुरवत जाते, सगळे उधारीवर. थकबाकी वाढते. कंपनी कोर्टात जाते: पैसे नाहीत तर आमचा माल परत द्या. पण माल काढला तर माणूस मरतो! पुढे तर मेंदूही कंपनीचाच बसतो. मग कंपनी म्हणते, आता या इसमात मूळचे काहीच उरलेले नाही, म्हणून हा संपूर्ण आमच्या मालकीचा. जोन्सचे उत्तर बिनतोड आहे. मी यंत्र असेन तर यंत्रावर दावा लावता येत नाही. मी माणूस असेन तर माणसावर मालकी सांगता येत नाही. खटल्याचा निकाल लागत नाही, तारीख पडते. आपल्याला त्याचे नवल नाही! आंद्रे वायदा यांनी 1968 मध्ये या कल्पनेवर एक छोटा चित्रपटही केला.

कर्जाला तारण घेताना ट्रक किंवा यंत्रसामग्री नजरगहाण ठेवतात. हप्ते थकले की बँक ते उचलून आणते. पण तारण कर्जदाराच्या बरगड्यांच्या आत असेल तर वसुलीला कोण जाणार? लेम हसवतात, पण प्रश्न खराच ठेवतात.

आयझॅक असिमोव्ह यांची 1976 ची 'द बायसेंटेनियल मॅन' उलट्या दिशेने जाते. अँड्र्यू हा घरकाम करणारा यंत्रमानव सुंदर लाकूडकाम करतो. त्याची कमाई मालक त्याच्या नावे जमा ठेवू लागतो, आणि पुढे त्याच पैशातून तो स्वतःचे स्वातंत्र्य मागतो. मग एकेक करून शरीर माणसासारखे करून घेतो. तरी लोक त्याला माणूस मानत नाहीत. अडचण मेंदूची असते: माणसाचा मेंदू मरतो, अँड्र्यूचा मरत नाही. अखेर तो आपल्या मेंदूची झीज होईल अशी शस्त्रक्रिया करून घेतो, आणि वयाच्या दोनशेव्या वर्षी, मरणाच्या दारात, त्याला माणूस म्हणून मान्यता मिळते. आम्ही पेन्शनर दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला देतो; अँड्र्यूला मरणाचा द्यावा लागला.

या सगळ्या कल्पना म्हणून सोडून देता आल्या असत्या. पण अमेरिकेतल्या 'सेकंड साइट' कंपनीची हकीकत वाचली आणि विचारात पडलो. दृष्टिपटलाच्या आजाराने अंध झालेल्यांसाठी या कंपनीने 'आर्गस 2' नावाचे उपकरण केले. चष्म्यावर कॅमेरा आणि डोळ्याच्या आत इलेक्ट्रोड. पूर्ण दृष्टी नव्हे, पण उजेड आणि आकार कळत. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतले. 2019 च्या सुमारास कंपनीने ते बनवणे थांबवले आणि 2020 मध्ये ती स्वतःच बुडण्याच्या बेताला आली. उपकरण बिघडले तर दुरुस्ती नाही, सुटे भाग नाहीत. डोळ्यात मात्र ते तसेच. लेमच्या कथेतली कंपनी माल परत मागत होती. इथे कंपनीने माल आत ठेवून हात झटकले.

आपल्याकडे 1994 च्या कायद्याने मानवी अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. धातूचा गुडघा मात्र रीतसर बिल देऊन मिळतो. आपल्या मंडळात गुडघे, डोळ्यातली भिंगे, पेसमेकर असलेले कितीतरी सभासद आहेत. माझा डावा गुडघा आणि दोन्ही डोळ्यांतली भिंगे बाहेरची आहेत. देवदयेने कर्जावर घेतलेली नाहीत! गुडघ्यांची चिंता करू नका, तो नुसता धातू आणि प्लास्टिक. पण पेसमेकरसारखी बॅटरीवर चालणारी वस्तू शरीरात असेल, तर ती बनवणाऱ्या कंपनीशी आपला संबंध बिल भरल्यावर संपत नाही.

म्हणून एक विनंती. शस्त्रक्रियेनंतर कंपनीचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक असलेले कार्ड मिळते. ते पासबुक आणि ठेवींच्या पावत्यांच्या फाइलमध्ये ठेवा आणि घरच्यांना दाखवून ठेवा. मिळाले नसेल तर रुग्णालयाकडे मागा. आणि येत्या नोव्हेंबरात शेजारच्या एखाद्या आजीचा अंगठा उमटत नसेल, तर त्यांना घरी परतवू नका. त्यांच्यासोबत बँकेत जा आणि अधिकाऱ्याला सांगा, आम्ही यांना ओळखतो, कागदी फॉर्म काढा.