तांत्रिक लेखनातील संक्षेप : विस्तार आणि खुणा

आरोग्यविषयक माहितीपत्रकात पुढील वाक्य आले आहे असे समजा : 'जुलाब सुरू होताच बाळाला ओआरएस द्यावे.' वाक्य लहान आहे, शुद्ध आहे आणि तरीही अपुरे आहे. 'ओआरएस'मधील शेवटचे अक्षर इंग्रजीत दोन प्रकारे सोडविले जाते. एका विस्तारात ते 'सॉल्ट्स', म्हणजे पाकिटातील कोरडे क्षार. दुसऱ्यात 'सोल्यूशन', म्हणजे ते क्षार पाण्यात विरघळवून केलेले द्रावण. बाळाला द्यावयाचे ते द्रावण, आणि तेही पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात केलेले. पाणी कमी घेतले तर क्षारांचे प्रमाण वाढते आणि ते बाळाला अपायकारक ठरू शकते. माहितीपत्रक लिहिणाऱ्याला हे सर्व ठाऊक असते. ते वाचणाऱ्या आईला ठाऊक असेलच असे नाही.

तांत्रिक मजकुरातील संक्षेप कसा उलगडावा आणि संगणकीय दस्तऐवजात त्याची खूण कशी करावी, हे या भागात पाहू.

विस्तार आणि अर्थ

संक्षेप उलगडणे म्हणजे त्याचा विस्तार देणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मराठीत ती पुरी पडत नाही. 'कि.मी.'चा विस्तार 'किलोमीटर' असा दिला की काम भागते, कारण दोहोंची अक्षरे जुळतात. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या 'जीएसटी'चे तसे नाही. त्याची अक्षरे इंग्रजी नावातली, अर्थ मात्र 'वस्तू व सेवा कर' या मराठी नावात. इंग्रजी विस्तार देवनागरीत लिहिला तर अक्षरे जुळतात, पण अर्थ कळेलच असे नाही. मराठी नाव लिहिले तर अर्थ कळतो, पण अक्षरे जुळत नाहीत. पावतीवरील रकाना ओळखावयाचा असेल तर संक्षेप हवा. कर कशावर आहे हे समजून घ्यावयाचे असेल तर मराठी नाव हवे. म्हणून आधी मराठी नाव आणि कंसात संक्षेप, 'वस्तू व सेवा कर (जीएसटी)', हा क्रम प्रस्तुत लेखकास अधिक योग्य वाटतो. ओआरएसला तर 'जलसंजीवनी' हे नाव आपल्याकडे रुळलेलेच आहे, आणि त्यातील 'जल' पाण्याची आठवणही करून देते. ते असताना इंग्रजी विस्ताराचा हट्ट कशाला?

'रडार' आणि 'लेझर' हेही मुळात संक्षेपच. आता ते शब्द म्हणून रुळले आहेत. त्यांचा विस्तार देण्याची गरज नाही.

एका संक्षेपाचे अनेक विस्तार

'ता. जुन्नर' येथे 'ता.' म्हणजे तालुका, 'ता. ५ जून' येथे तारीख आणि पत्राखालील 'ता.क.'मध्ये 'ताजा'. घरच्या पत्रात संदर्भावरून उलगडा होतो. रकान्यांच्या तक्त्यात संदर्भच नसतो, तेथे 'ता.' असे शीर्षक दिले तर कोणी गावाचा तालुका लिहील, कोणी तारीख.

मराठी संक्षेपात आद्याक्षर स्वरचिन्हासह घेतले जाते. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे 'पु. ल.' होतात, 'प. ल.' नव्हे. त्यामुळे येथे काना किंवा उकारही अर्थ वाहतो. 'अ.जा.' म्हणजे अनुसूचित जाती आणि 'अ.ज.' म्हणजे अनुसूचित जमाती. दोहोंत अंतर एका कान्याचे आहे. टंकलेखनात तो काना गळला तर अर्जदाराचा प्रवर्गच बदलतो. आणि दोन्ही रूपे शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीलाही चूक सापडत नाही. जेथे संक्षेपावर कोणाचा हक्क अवलंबून असेल तेथे संक्षेप वापरूच नये; पूर्ण शब्द लिहावेत.

संगणकीय खूण

मुद्रितशोधक कच्च्या मुद्रितावर खुणा करतो, त्या जुळारी वाचतो. संकेतस्थळाच्या पानांवरही अशा खुणा असतात. त्या संगणक वाचतो. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. तिचे पूर्ण नाव 'हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज'. तीत संक्षेपासाठी 'अ‍ॅब्र' नावाची खूण आहे. संक्षेपाआधी ती उघडावयाची, संक्षेपानंतर मिटावयाची आणि उघडतानाच 'टायटल' या गुणधर्मात विस्तार लिहावयाचा. १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत याखेरीज 'अ‍ॅक्रोनिम' अशी दुसरी खूणही होती. कोणता संक्षेप कोणत्या खुणेत बसवावा याविषयी लेखकांत गोंधळ होई. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ही दुसरी खूण कालबाह्य ठरविली गेली. रोमन लिपीत हे दोन प्रकार वरवर सारखेच दिसतात. देवनागरीत मात्र 'एचटीएमएल' सुट्या अक्षरांनी वाचावयाचे आणि 'नासा' सलग, हे लेखनातच दिसते.

'टायटल'मध्ये लिहिलेला विस्तार संगणकाच्या पडद्यावर एरवी दिसत नाही. माउसचा बाण संक्षेपावर नेला की तो चौकटीत उमटतो. मोबाइलवर बोटाने पान सरकवणाऱ्याजवळ असा बाण नसतो. छापील प्रतीत विस्तार उतरत नाही. दृष्टिहीन वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीही तो उच्चारतीलच असा भरवसा नाही. तेव्हा विस्तार मजकुरातच, डोळ्यांना दिसेल असा लिहावा आणि खूण त्याखेरीज करावी. नुसती खूण करून लेखकाला कर्तव्य पार पाडल्याचे समाधान मिळते. वाचकाच्या पदरी काही पडत नाही.

जुन्या कागदपत्रांचे संपादन करणाऱ्यांपुढे अडचण थोडी निराळी असते. जुन्या पत्रात 'मु॥' असेल तर मूळ लेखन जपावयाचे असते आणि 'मुक्काम' हे वाचनही द्यावयाचे असते. 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह'च्या खूणपद्धतीत यासाठी संक्षिप्त व विस्तृत अशी दोन्ही रूपे शेजारी शेजारी नोंदविण्याची सोय आहे.

विभक्तीचा प्रश्न

इंग्रजी मार्गदर्शिका येथे आपल्याला मदत करीत नाहीत. 'जीएसटीचा दर' या शब्दप्रयोगात खूण 'जीएसटी'पाशी मिटते आणि 'चा' हा प्रत्यय बाहेर राहतो. एखाद्या प्रणालीने संक्षेपाच्या जागी विस्तार घातला तर 'वस्तू व सेवा करचा दर' असे चुकीचे मराठी तयार होते, कारण प्रत्ययापूर्वी 'कर'चे 'करा' हे सामान्यरूप व्हावे लागते. लिंगाचेही असेच. गाडी या अर्थी 'एसटी आली' असे आपण म्हणतो. तेथे 'राज्य परिवहन' हे शब्द बसविले तर 'आली' या क्रियापदाला कर्ताच उरत नाही. यास्तव मराठीत विस्तार संक्षेपाच्या शेजारी ठेवावा, त्याच्या जागी कधीही बसवू नये.

पहिल्या उल्लेखाच्या वेळी विस्तार द्यावा, हा नियम आपण ऐकला असेल. परंतु पहिला उल्लेख कोणाचा? लेखक पहिल्या पानापासून लिहितो. वाचक हवे ते पान उघडतो. आपण स्वतः ही पुस्तिका कोठून उघडली, ते आठवा. निदान प्रत्येक घटकात आणि प्रत्येक तक्त्याखाली विस्तार पुन्हा द्यावा.

स्वाध्याय

पुढील सूचना वाचा : 'ता. १ जूनपासून अ.ज. प्रवर्गातील अर्जदारांनी ता. कार्यालयात येऊन ओटीपीची नोंद करावी.' यातील कोणते संक्षेप पूर्ण लिहावेत, कोणते कंसात ठेवावेत आणि खूण कोठे मिटावी, हे कारणांसह लिहा. त्यानंतर ही सूचना कधीही अर्ज न भरलेल्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि ती व्यक्ती कोणत्या शब्दापाशी अडते, याची नोंद करा.