तिकीट आधी, ईमेल नंतर

ऑनलाइन तिकीट काढलं की ‘बुकिंग झालं’ लगेच दिसतं. ईमेल मात्र जरा रेंगाळत येतो. हॉटेलातला वेटर ऑर्डरची चिठ्ठी आत देऊन पुढच्या टेबलाकडे वळतो, तसा सर्व्हर ईमेलचं काम रांगेत टाकून मोकळा होतो. ‘वर्कर’ नावाचे प्रोग्राम मागे ती रांग उपसत असतात.

खरी गंमत पुढे. काम उचललेला वर्कर मध्येच बंद पडला तर? पोच मिळेपर्यंत रांग काम पुसतच नाही; मुदत टळली की ते दुसऱ्याला देते. अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस रांगेत ही मुदत, बदलली नाही तर, ३० सेकंदांची. पण ईमेल पाठवून पोच देण्याआधीच वर्कर कोलमडला, तर ईमेल दोनदा! ते चालेल, पैसे दोनदा कापलेले कोणाला चालतील? म्हणून व्यवहाराला क्रमांक देतात आणि तो आधीच उरकलाय का, हे पाहूनच पैसे कापतात.